लोणकढी

बारा नंबरच्या बसनं आलो म्हणतो,
आलेला असतो चालत.
टोस्ट खाल्ला म्हणतो, सालं केळ्याची सापडतात.
न्हाव्याचं नाव मी विचारलेलंही नसतं,
तरी सांगतो: कीथ.
(इब्राहिम. त्याची बायको मला वाचनालयात भेटते.)

यात याला मिळत काही नाही.
तीस वर्षं उत्तर समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर
दाबाचे आकडे दशांशापर्यंत खरे लिहिले यानं.
कदाचित सगळं खरं तिथंच खर्ची पडलं.

आपल्यात लोणकढी म्हणतात अशा थापेला.
ताजी कढवली की घरभर वास सुटतो,
बिघडत कुणाचं काही नाही.

अ‍ॅबर्डीनचा नोव्हेंबर, साडेतीनलाच दिवे लागलेले.
भिंतीपलीकडच्या एल्स्पेथबाई
चकलीचा डबा परत द्यायला आल्या.
सुट्टीत कुठं गेला होतात?
हा म्हणाला, ऑर्कनीला.

आम्ही कुठंही गेलो नव्हतो.
बाथरूमच्या फरशा बदलत होतो.

एल्स्पेथबाई कोट न काढता बसल्याच.
ऑर्कनी! मग किर्कवॉलची ती बेकरी?
चर्चच्या मागं, निळ्या दाराची?
बडीशेपेचे बन, फक्त बुधवारी,
आणि तो मालक, एका डोळ्यानं अधू,
सुट्टे पैसे तळहातावर मोजून देणारा?

यानं माझ्याकडं बघितलं,
विहिरीत उतरलेला माणूस दोराकडं बघतो तसं.

वारा फार होता, मी म्हणाले.
बन गरम होते. यानं एकट्यानं तीन खाल्ले.
अंगावर कार्डिगन होतं,
तरी पदरचं घातलं.

पुढं पाच वर्षं ऑर्कनी आमच्या स्वयंपाकघरात वाढली.
आधी नुसता किनारा होता,
मग एक सील आला,
पुढच्या नाताळात त्याला मिशा आल्या.
एल्स्पेथबाई मान डोलवायच्या, हो हो, तोच तो,
आणि चहात आणखी एक चमचा साखर.

गेल्या जूनमध्ये मीच तिकिटं काढली.
का, ते विचारू नका.
चाळीस वर्षांच्या संसारात
एखादी गोष्ट झालेली असावी, म्हणून.

रात्री अकराला बोट लागली तरी आभाळात उजेड होता,
कुणीतरी दिवा मालवायला विसरल्यासारखा.
सकाळी लाल दगडाच्या त्या चर्चमागं गेलो.
बुधवार होता. बुधवारच धरला होता.
गाड्या उभ्या होत्या, लोकरीचं एक दुकान होतं,
निळं दार कुठं नव्हतं.

दुकानातल्या बाई जन्मापासून तिथल्याच.
बेकरी? इथं?
त्यांनी आईच्या काळापर्यंत आठवून बघितलं.
नाही हो, कधीच नाही.

हा इतका हसला की भिंतीला टेकला.
अगं, म्हणजे तीसुद्धा!
मग बराच वेळ लोकरीच्या गुंड्या बघत राहिला.
किंवा तिच्या नवऱ्यानं सांगितलं असेल तिला,
म्हणाला. बोटीवर असायचा ना तो.

घरी आलो तर एल्स्पेथबाई कुंपणाशी,
हातमोज्यांना माती.
मग? बेकरी?

यानं श्वास घेतला. मला ठाऊक होतं,
आज नेमकं हा खरं बोलणार.
असे लोक कधी चुकतील नेम नसतो.

दाराला नवा रंग दिलाय, मी म्हणाले घाईनं,
निळाच.

एल्स्पेथबाईंनी माझ्याकडं बघितलं.
पुष्कळ वेळ बघितलं.
एक हातमोजा काढला, दुसरा राहू दिला.

आणि बडीशेप?

जरा कमी घालतात आता.

हं, म्हणाल्या.
थकला असेल बिचारा.